दात आंबले असताना ब्रश करू नका

चिंच किंवा कैरी खाल्ली की दात आंबतात, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. मऊ पोळीसुद्धा मग चावताना नकोशी वाटते. दात आंबले म्हणजे आम्ल दाताच्या कवचाला भिडलं. नेमक्या त्याच वेळी ब्रश घेऊन दात घासले की काय होतं, हे आमच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला कळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

दातावरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरात याहून कठीण काही नाही, हाडसुद्धा नाही. वजनानं त्यात सुमारे ९६ टक्के खनिजं असतात, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. मोडलेलं हाड जुळतं, जखम भरून येते; इनॅमल एकदा झिजलं की परत येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच संपलेल्या असतात. मात्र आम्लानं नुसतं मऊ पडलेलं इनॅमल लाळेतल्या खनिजांमुळे थोडंफार पुन्हा घट्ट होतं. त्याला वेळ मिळाला पाहिजे, आणि तोच आपण देत नाही.

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, कोलाचाही जवळपास तेवढाच.

सकाळचं लिंबूपाणी

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालून यायचं, कोमट पाण्यात लिंबू-मध घ्यायचं आणि मग दात घासायचे, हा क्रम आम्ही फार ऐकतो. माणसं तब्येतीसाठी मनापासून करतात, म्हणून सांगताना आम्हालाही वाईट वाटतं. पण मऊ पडलेल्या इनॅमलवर ब्रश फिरवणं म्हणजे ओल्या गिलाव्यावर झाडू मारणं. लिंबूपाणी सोडवत नसेल तर आधी दात घासा, मग ते प्या, आणि एका बैठकीत संपवा. बाटलीत भरून दुपारपर्यंत घोट घोट घेत राहिलात, तर प्रत्येक घोटाला दातांवर नव्यानं आम्ल येतं आणि लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. व्हिनेगरचं पाणी पिणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मिसळीबद्दल हमखास विचारलं जातं. मिसळीवर लिंबू पिळून खाल्लंत तर काही बिघडत नाही. उरलेली फोड दातांत धरून चोखत बसू नका, एवढंच.

द्राक्षांचा हंगाम

निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार तोडणीच्या दिवसांत गोडी बघायला सकाळपासून मणी तोंडात टाकत असतात. द्राक्षाचा पीएच साधारण ३ ते ४, वर साखरही भरपूर. जेवणानंतर घोसभर द्राक्षं खाणं वेगळं आणि दिवसभर मणी चघळणं वेगळं. बागेत फिरताना पाण्याची बाटली जवळ ठेवा, मणी खाल्ले की चूळ भरा. वायनरीत चव घेण्याचं काम करणाऱ्यांचे दात तर याहून जास्त झिजतात, कारण वाइन तोंडात घोळवावी लागते. त्यांनी वर्षातून दोनदा तरी दात दाखवावेत.

पित्त काढण्याची सवय

हे कोणी आपणहून सांगत नाही. आम्हाला विचारावं लागतं. डोकं दुखलं, मळमळलं की घशात बोटं घालून पित्त पाडायचं, आणि तोंड कडू झालं म्हणून लगेच दात घासायचे. जठरातलं आम्ल लिंबाहूनही तीव्र असतं. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत होऊन झिजलेली दिसली की आमची पहिली शंका इथेच जाते. गरोदरपणातल्या उलट्या आणि रात्री घशाशी येणारं आंबट पाणी यांचाही दातांवर असाच परिणाम होतो. उलटी झाल्यावर ग्लासभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चुळा भरा, तासभर ब्रशला हात लावू नका. आणि पित्त वारंवार होत असेल तर बोटं घालणं थांबवून फिजिशियनला दाखवा. तो आजार दातांचा नाही, दात फक्त त्याचा मार खातात.

मंजन, राखुंडी, मिश्री

राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीची पूड, जाडं मीठ, खरखरीत मंजन यांनी दात घासले की सुरुवातीला उजळ वाटतात, कारण वरचे डाग निघतात. त्याबरोबर इनॅमलही थोडं थोडं जातं. ते पातळ झालं की आतला पिवळसर थर दिसू लागतो. मग दात पिवळे दिसतात म्हणून माणूस आणखी जोरात घासतो.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दिवसातून चार वेळा ती लावल्याशिवाय चैन पडत नाही, असं आमच्याकडे येणाऱ्या मावशी-आजी सांगतात, ते व्यसनामुळेच. झिजलेल्या दातांपेक्षा आम्हाला इथे तोंडाच्या कॅन्सरची काळजी जास्त वाटते. मिश्री, तंबाखू किंवा गुटख्याची सवय असेल आणि तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर थांबू नका, लगेच या. आम्ही कोणाला रागावत नाही.

सुपारी फोडणं, दातानं दोरा तोडणं, बाटलीचं बूच उघडणं, बर्फ कडकडा चावणं यांनी इनॅमलला तडे जातात. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर घरच्यांना विचारा. त्यासाठी दातांवर बसवायची पट्टी करून मिळते.

रोजचं घासणं

मऊ केसांचा ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. पेस्ट थुंकून टाका, पण नंतर खळखळून चुळा भरू नका. थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. रात्रीचं घासणं चुकवू नका, झोपेत लाळ फार कमी सुटते. याच कारणानं बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये.

गार पाण्यानं दात शिवशिवत असतील, पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक दिसत असतील किंवा हिरडीजवळ खाच पडली असेल, तर तपासून घ्या. येताना तुमचा रोजचा ब्रश आणि पेस्ट किंवा मंजनाची डबी बरोबर आणा. ब्रशचे केस दोन महिन्यांतच बाहेरच्या बाजूला वळले असतील तर तुमचा हात किती जड पडतो ते आम्हाला लगेच कळतं, आणि तिथेच आरशासमोर कसं घासायचं ते दाखवता येतं.