रुग्णालयातील स्मृतिभ्रंश-शुश्रूषा प्रशिक्षण

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया असलेली माणसे बहुधा दुसऱ्याच कारणाने रुग्णालयात दाखल होतात: खुब्याचे हाड मोडते, न्यूमोनिया होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो. मूळ दुखण्यावर उपचार होत असताना या माणसांना कसे सांभाळावे, याचे डॉक्टर आणि परिचारिकांपासून वॉर्डबॉय, मावशी, सुरक्षारक्षकांपर्यंत सर्वांना दिले जाणारे शिक्षण म्हणजे हे प्रशिक्षण. ब्रिटनमध्ये त्याला जोर आला तो २००९ नंतर. रुग्णालयातल्या जवळपास एक चतुर्थांश खाटांवर ६५ वर्षांवरील स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतात, असे तिथल्या अल्झायमर्स सोसायटीने त्या वर्षी दाखवून दिले होते.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे वागणुकीमागचे कारण शोधणे. रुग्ण सलाइनची नळी उपटतो, अंघोळ घालू देत नाही, रात्री ओरडतो. तेव्हा त्याला ‘त्रासदायक’ ठरवण्याआधी त्याचे काही दुखत असेल का, लघवी तुंबली असेल का, कानयंत्र घरीच राहिले असेल का, हे पाहायला शिकवले जाते. वेदनेचा धडा यात सर्वांत महत्त्वाचा मानायला हवा. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात (२०००) खुब्याचे हाड मोडलेल्या, तीव्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना इतर रुग्णांच्या तुलनेत मॉर्फिनसारखी वेदनाशामके एक तृतीयांशच मिळत असल्याचे आढळले. दुखणे सारखेच होते, पण या रुग्णांना ते सांगता येत नव्हते. म्हणून श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि धीर दिल्यावर शांत होणे या पाच गोष्टी पाहून वेदनेला गुण देणारी ‘पेनॅड’ मोजपट्टी परिचारिकांना शिकवतात.

दुसरा धडा डिलिरियमचा, म्हणजे घरची माणसे ज्याला ‘वात झाला’ म्हणतात त्याचा. एक-दोन दिवसांत गोंधळ एकदम वाढला तर तो ‘म्हातारपणाचा’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा एखादे औषध असू शकते. गुंगीत पडून राहणारा रुग्ण कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याचा डिलिरियम हमखास नजरेतून सुटतो. डॉ. शॅरन इनोये यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डिलिरियम टाळण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमात दिवस-वेळेची आठवण करून देणे, चालवणे, पाणी पाजणे, झोप मोडू न देणे, चष्मा व कानयंत्र लावणे अशा साध्या कामांवर भर होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सत्तरी व त्यापुढच्या रुग्णांत डिलिरियमचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के, तर या कार्यक्रमात ९.९ टक्के राहिले.

इंग्लंडच्या २०१५ च्या आराखड्यात प्रशिक्षणाचे तीन स्तर आहेत: सर्वांसाठी तोंडओळख, रुग्णांशी नित्य संबंध येणाऱ्यांसाठी कौशल्ये आणि नेतृत्व करणाऱ्यांसाठी सखोल शिक्षण. सोबत साधने असतात. ‘धिस इज मी’ या पत्रकात रुग्णाला काय म्हणून हाक मारावी, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते हे घरचे लिहून देतात. ‘बटरफ्लाय स्कीम’मध्ये संमती असल्यास खाटेजवळ फुलपाखराचे चिन्ह लावतात, म्हणजे रुग्णाला स्मृतिभ्रंश आहे हे कर्मचाऱ्यांना कळते. निकी जेरार्ड आणि ज्युलिया जोन्स यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘जॉन्स कॅम्पेन’ची मागणी अशी की, भेटीची वेळ संपली म्हणून सांभाळणाऱ्या नातेवाइकाला बाहेर काढू नये. निकी यांच्या वडिलांची प्रकृती रुग्णालयातल्या पाच आठवड्यांत फार ढासळली होती. मोहिमेचे नाव त्यांचेच.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वॉर्डांत नातेवाईक खाटेशी असतोच, हे आपले मोठे बळ. पण त्याला औषधे आणायला धाडले जाते, रुग्णाच्या सवयी क्वचितच विचारल्या जातात. अतिदक्षता विभागात तर त्यालाही बाहेर थांबावे लागते. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा ‘लासी-डॅड’ सर्वेक्षणाचा अंदाज पाहता हे प्रशिक्षण फक्त मानसोपचार विभागापुरते ठेवून चालणार नाही. अस्थिरोग, मेडिसिन आणि अपघात विभागांत ते आधी पोहोचले पाहिजे. तासाभराचे व्याख्यान त्याला पुरत नाही. रात्रपाळीला एकाच सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल, तर शिकलेले वापरायला तिला सवड मिळत नाही. म्हणून मनुष्यबळ आणि पाळ्यांची आखणी हाही या प्रशिक्षणाचाच भाग धरावा लागतो.