नॅरोबोटीचा कालवाप्रवास, इंग्लंडमधील

इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर पायी चालण्याच्या वेगाने नाव हाकीत दिवस घालविण्याची पद्धत. नॅरोबोट ही सुमारे ६ फूट १० इंच (२.०८ मी.) रुंद, सपाट तळाची व आता बहुधा पोलादी नाव असून तिची लांबी जास्तीत जास्त ७२ फूट (सुमारे २२ मी.) असते. डीझेल एंजिनावर चालणाऱ्या या नावेच्या मागच्या टोकाला उभे राहून एक जण सुकाणूचा दांडा सांभाळतो. घोडे जिच्यावरून नावा ओढीत ती काठाची वाट आता पादचाऱ्यांसाठी आहे.

या प्रवासाचे स्वरूप कालव्यांवरील जलपाशांच्या (लॉक; पाण्याची पातळी कमीजास्त करून नाव चढविणारे वा उतरविणारे, दारे असलेले कप्पे) सुमारे ७ फूट रुंदीने ठरविले. ही रुंदी जेम्स ब्रिंडली (१७१६–७२) या अभियंत्याने रूढ केली असे सर्वसाधारणपणे मानतात. तिच्या कारणाविषयी मात्र मतभेद आहेत. वर्स्ली येथील कोळसा खाणींच्या भूमिगत कालव्यांतील चिंचोळ्या नावांवरून हे माप आले, असे एक मत आहे. परंतु त्याच खाणींचा कोळसा १७६१ पासून मँचेस्टरकडे वाहून नेणारा ब्रिजवॉटर कालवा रुंद आहे. १७६६ मध्ये काम सुरू झालेल्या ट्रेंट–मर्सी कालव्यावरही बर्टनच्या पूर्वेकडील जलपाश सुमारे १४ फूट रुंद असून अरुंद जलपाश मधल्या चढाच्या भागात आहेत. त्यामुळे हेअरकॅसल टेकडीखालील सुमारे २.६ किमी. लांबीच्या बोगद्याचा खर्च आणि सर्वोच्च टप्प्यावरील पाण्याची टंचाई यांमुळे अरुंद माप स्वीकारले गेले, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. हा कालवा १७७७ मध्ये, ब्रिंडलीच्या मृत्यूनंतर, पूर्ण झाला. त्याला जोडलेल्या मध्य इंग्लंडमधील अनेक कालव्यांनी तेच माप घेतले.

वेगमर्यादा सामान्यतः ताशी ४ मैल (सुमारे ६.४ किमी.) असली, तरी उथळ पात्रात तेवढा वेगही क्वचितच साधतो. नाव पुढे सरकते तेव्हा तिने बाजूस सारलेले पाणी नाव आणि कालव्याचा तळ व काठ यांच्यामधील फटीतून मागे वाहते. एंजिनाचा जोर वाढविल्यास या प्रवाहाची गती वाढते, नावेभोवतीची पाण्याची पातळी खाली जाते, मागचे टोक अधिक बुडते आणि लाटा काठ खचवितात, पण वेग फारसा वाढत नाही. काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना वेग आणखी कमी करतात, कारण पाण्याच्या ओढीने त्यांचे दोर ताणून खुंट उपटतात.

दिवसाचा हिशेब करताना एक जलपाश एक मैलाच्या बरोबरीचा धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे १० मैल व ५ जलपाश यांना ताशी ३ मैलांप्रमाणे ५ तास लागतात. ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागाचे उदाहरण बोलके आहे. १७९० मध्ये ऑक्सफर्डपर्यंत पोहोचलेला हा कालवा समोच्च रेषेला धरून जातो. त्यामुळे मार्स्टन डोल्स ते क्लेडन हा सुमारे ११ मैलांचा सर्वोच्च टप्पा जलपाशाविना आहे. पण वर्मलेटनजवळ तो इतके वळसे घेतो की चालत जाणारा सरळ वाटेने सहज पुढे निघून जाईल. क्लेडनला लागोपाठ ५ जलपाश उतरावे लागतात. नाव आत घेऊन दार बंद करतात, विंडलास या काटकोनी हँडलाने झडपा उचलून पाणी सोडतात आणि पातळी समान झाल्यावर दाराच्या लांब तुळईला पाठ लावून दार उघडतात. सात फूट उंचीच्या जलपाशातून एका वेळी जवळपास १ लाख लिटर पाणी खाली जाते. उतरताना नावेचे मागचे टोक वरच्या दाराखालील उंबरठ्यावर अडकल्यास नाव बुडू शकते, म्हणून भिंतीवरील पांढऱ्या खुणेच्या पुढेच राहावे लागते.

व्यापारी वाहतूक रेल्वे व रस्त्यांमुळे घटत गेली आणि १९६२–६३ च्या हिवाळ्यातील दीर्घ गोठणीनंतर अरुंद कालव्यांवर जवळजवळ संपली. १९४६ मध्ये एल. टी. सी. रोल्ट, रॉबर्ट एकमन आदींनी स्थापन केलेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने कालवे वाचविण्याची चळवळ उभारली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने अनेक कालव्यांना पर्यटनासाठी राखण्याचा दर्जा दिला. बहुतेक कालव्यांची व्यवस्था २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट पाहते. दुरुस्तीसाठी जलपाश बंद ठेवण्याची मोठी कामे हिवाळ्यात काढली जात असल्याने प्रवासाचा मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो.