बोटे झडतात ती कशाने? डॉ. पॉल ब्रँड यांचा शोध

कुष्ठरोगात मांस सडत जाते आणि बोटे आपोआप गळून पडतात, ही समजूत आपल्याकडे शतकानुशतके चालत आली. 1873 साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जिवाणू शोधून काढला, तरीही ती ढळली नाही; डॉक्टरसुद्धा बोटांचे नुकसान हा रोगाचाच अटळ भाग मानत. ती खोटी ठरवण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा होता, ते डॉ. पॉल ब्रँड हाडांचे आणि हाताचे शल्यविशारद होते, आणि ख्रिस्ती मिशनरीही.

ब्रँड यांचा जन्म 1914 मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले आणि ते तिकडे असतानाच वडील इकडे तापाने वारले. शाळा संपल्यावर त्यांनी वैद्यकशास्त्राकडे न वळता काही वर्षे सुतारकाम व बांधकाम शिकण्यात घालवली. चरित्रकार हा तपशील सहसा गंमत म्हणून सांगतात, मला मात्र तो कळीचा वाटतो, कारण पुढे त्यांनी हाताकडे आणि पायाकडे पाहिले ते भार कुठे पडतो आणि ताण कुठून येतो हे जोखणाऱ्या कारागिराच्या नजरेनेच. लंडनमध्ये शल्यविशारद झाल्यावर 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

1947 मध्ये चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी एका रुग्णाच्या आखडलेल्या, वाकड्या बोटांच्या हातात आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. हात लुळा असेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण त्या माणसाची पकड इतकी जबरदस्त निघाली की त्यांनाच कळ आली. म्हणजे बोटे मिटवणारे स्नायू शाबूत होते. निकामी झाले होते ते तळहातातले, बोटांना सरळ ठेवणारे छोटे स्नायू. मृत रुग्णांच्या हातांचे विच्छेदन करून नसांचा माग काढल्यावर कारणही उलगडले. कुष्ठरोगाचा जिवाणू शरीराच्या तुलनेने थंड भागांत वाढतो, त्यामुळे नसा जिथे कातडीच्या अगदी जवळून जातात तिथेच, म्हणजे कोपराजवळ, मनगटाच्या किंचित वर, गुडघ्याच्या बाजूला आणि घोट्यापाशी त्या सुजतात. बोटे मिटवणाऱ्या, कोपर ते मनगट या भागातील बहुतेक स्नायूंना मिळणाऱ्या नसा मात्र खोल, उबदार मांसात असल्याने बचावतात.

जे स्नायू चांगले उरले त्यांच्यावरच दुरुस्ती उभी करता येईल, हे यातून स्पष्ट झाले. प्रत्येक बोट मिटवण्यासाठी दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोरीसारखे पट्टे) असतात आणि त्यांपैकी एकीवर भागते. म्हणून दुसरी सोडवून, चिरून, तळहातातून फिरवून बोटाच्या बाजूला शिवायची, म्हणजे निकामी छोट्या स्नायूंचे काम ती करू लागते. 1948 पासून वेल्लोरला अशा शस्त्रक्रिया सुरू झाल्या. टाके घालून काम संपत नसे. आजवर बोट मिटवणाऱ्या स्नायूला आता वेगळेच काम करायचे असे, आणि हाताला संवेदना नसल्याने ते रुग्णाला डोळ्यांनी पाहत शिकावे लागे. त्यांच्या नेत्रतज्ज्ञ पत्नी डॉ. मार्गारेट ब्रँड यांच्या रुग्णांच्या डोळ्यांसाठीही हेच तत्त्व कामी आले. पापण्या मिटत नसलेल्या रुग्णांच्या कानशिलावरचा, चावण्याचा स्नायू पापणीला जोडला, की रुग्णाने दात आवळताच डोळा मिटे.

हात दुरुस्त झाले, तरी जखमा थांबेनात. एकदा कोठाराच्या गंजलेल्या कुलपात ब्रँड यांच्याने किल्ली फिरेना. तिथल्या एका लहान मुलाने ती सहज फिरवली. ब्रँड यांना त्याच्या बोटातून रक्त ठिबकताना दिसले. किल्लीने ते हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला पत्ताही नव्हता. मग त्यांनी रुग्णांच्या प्रत्येक जखमेचा उगम शोधण्याचा धडाका लावला: तापलेले भांडे, अवजाराची मूठ, चपलेतला खिळा. रात्रीतून बोटाचा तुकडा नाहीसा होई, त्यामागे तर उंदीर निघाले, तेव्हा घरी जाणाऱ्या रुग्णांसोबत मांजर देण्याची प्रथा पडली. बोटे रोगाने झडत नव्हती. वेदनाच नसल्याने पुन्हा पुन्हा इजा होई, तिची जाणीव नसे, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचे आणि हाड झिजत जाई. 1951 साली त्यांनी वेल्लोरला सुरू केलेल्या ‘नव जीव निलयम’मध्ये बरे झालेले रुग्ण सुतारकाम शिकत, आणि इजा न करता अवजार कसे धरायचे हाही त्या शिक्षणाचा भाग होता.

पायांच्या बाबतीत शत्रू अधिक छुपा होता. आपण चालताना नकळत पावलावरचा भार बदलत राहतो. बधिर पाऊल मात्र त्याच जागी तोच दाब घेत राहते. मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, जी आपल्याकडचे कुष्ठरोग कार्यकर्ते ‘एमसीआर चप्पल’ म्हणून ओळखतात, या विचारातून रुजली. 1966 नंतर अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी उंदरांच्या पंजांवर प्रयोग केले. एरवी निरुपद्रवी दाबसुद्धा हजारो वेळा पडत राहिला, तर ऊती आधी तापतात, सुजतात आणि शेवटी फुटतात, हे त्यांतून दिसले. तिथेच दाब मोजणारी साधने बसवून त्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचाही प्रयत्न केला. धोक्याच्या दाबाला आधी इशाऱ्याचा आवाज होई; तो रुग्ण मानेनात, तेव्हा विजेचा झटका बसेल अशी सोय केली. काम उरकायचे असले, की रुग्ण ते यंत्र बंद करीत. ज्या इशाऱ्याचे बटण आपल्याच हाती आहे, तो पाळणारी माणसे फार थोडी असतात.

ब्रँड निष्ठावान ख्रिस्ती होते. मिशनरी सेवेविषयी आपल्याकडे मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविक आहे; पण त्यांच्या निष्कर्षांची कसोटी प्रयोगांवरच लागली आणि त्यांवर ते टिकले. 2003 मध्ये ते वारले. त्यांच्या कामाचा सर्वाधिक लाभ आज कदाचित मधुमेहींना होत असेल, कारण मधुमेहातही पायाच्या नसा बधिर होतात आणि जखम तशाच वाटेने चिघळते. सारखा दाब एका बिंदूवरून काढून सबंध पावलावर पसरवणारे प्लास्टर त्यांनी अमेरिकेत रुजवले. मधुमेहाच्या दवाखान्यात तळपायाला टोचला जाणारा, वाकेपर्यंत सुमारे 10 ग्रॅम भार देणारा नायलॉनचा तंतू रुग्णाला कळला नाही, तर त्या पायाला धोका आहे, हा निकषही कार्व्हिलमध्येच, कुष्ठरोग व मधुमेहाच्या रुग्णांचे पाय तपासता तपासता ठरला.