‘एनर्जीचं काहीतरी द्या’: एनर्जी ड्रिंक वेगळं, ओआरएस वेगळं

उन्हाळा लागला की आमच्या मेडिकलवर दिवसातून दहा वेळा एकच वाक्य कानावर येतं, "एनर्जीचं काहीतरी द्या." मागणारे मात्र सगळे वेगळे. उन्हात फवारणी करून आलेला, पिंढऱ्यांत गोळे आलेला शेतकरी. जुलाब लागलेल्या लेकराची आई. पहाटे ग्राउंड मारून आलेला पोलीस भरतीचा पोरगा. रात्री पुण्याची ट्रिप करायची असलेला ड्रायव्हर. यांतल्या कुणाला पाणी-मीठ हवं असतं, कुणाला जेवण, कुणाला नुसती झोप. तोंडात शब्द मात्र तोच, एनर्जी.

मागच्या मे महिन्यात एक बाई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. सकाळपासून त्याला पाच-सहा जुलाब झाले होते. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, आणि तरी पोर शांत पडत नव्हतं, सारखं चुळबुळत होतं. काय काय दिलं असं विचारलं, तर तिने पिशवीतून अर्धी रिकामी बाटली काढून दाखवली. एनर्जी ड्रिंक. "अंगात त्राण राहिलं नव्हतं ना दादा, म्हणून दिलं. एनर्जीचं आहे, म्हणाला दुकानवाला." तिची यात काही चूक नव्हती. बाटलीवरचं नाव तिने खरं मानलं, एवढंच. मी ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-ग्लुकोजची, पुडी दिली, कशी कालवायची ते दाखवलं आणि तिला तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. या दोन गोष्टींतला फरक एकदा नीट लिहून काढायचा, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं झालं.

दोन्हींचा जन्म कुठे झाला ते बघितलं तरी निम्मा फरक कळतो. आज जगभर दिसणाऱ्या एनर्जी ड्रिंकचं मूळ थायलंडमधल्या ‘क्राटिंग डेंग’ नावाच्या पेयात आहे. सत्तरच्या दशकात तिथले ट्रक ड्रायव्हर आणि मजूर जागं राहण्यासाठी ते पीत. त्यावरूनच ऑस्ट्रियात १९८७ मध्ये ‘रेड बुल’ बाजारात आलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम एकच: झोप येऊ द्यायची नाही.

ओआरएसला, आपल्या जुन्या आरोग्यसेविका अजूनही जिला जलसंजीवनी म्हणतात तिला, ओळख मिळाली ती कॉलऱ्याच्या साथीत. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांना तोंडाने पाजायला लावलं. पाजणारे बहुतेक घरचेच नातेवाईक होते. तिथला मृत्युदर जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. औषधाच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावरही इतक्या स्वस्त वस्तूने इतके जीव वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन सुचत नाही.

आता आत काय आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. यातलं ग्लुकोज ताकदीसाठी आहे असं बहुतेकांना वाटतं. खरं काम निराळं आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार असतं, आणि ते ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आले तरच उघडतं. सोडियम आत गेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. जुलाब चालू असतानाही हे दार चालू राहतं, म्हणून तर ओआरएस लागू पडतं. पण साखर प्रमाणाबाहेर झाली तर उलटं होतं. आतड्यातलं दाट गोड पाणी पातळ करायला शरीरच आपलं पाणी आतड्यात सोडतं आणि जुलाब वाढतात.

नेहमीच्या एनर्जी ड्रिंकमध्ये साखर किती? २५० मिलीच्या डब्यात साधारण २७ ग्रॅम. लिटरचा हिशोब केला तर १०८ ग्रॅम, म्हणजे ओआरएसच्या आठपट. सोडियम असलं तरी ओआरएसच्या मानाने फारच कमी. त्या बाईच्या मुलाला नेमकं हे मिळत होतं, आणि वर कॅफीन.

चवीबद्दलही सांगायला हवं, कारण माणूस फसतो तो जिभेवरच. कॅफीन मुळात कडू पांढरी पूड आहे. तो कडूपणा झाकायला भरपूर साखर, सायट्रिक ॲसिडचा आंबटपणा, गॅसचा फसफसाट आणि फळाचा किंवा चिंगमसारखा वास लागतो. वर बाटली बर्फागार हवी. एखादी बाटली उन्हात ठेवून कोमट झाल्यावर चाखून बघा, खोकल्याच्या औषधाची आठवण येईल. ओआरएसची चव याच्या उलट: खारट, किंचित गोडसर, थोडी तुरट. धडधाकट माणसाला ते नकोसं वाटतं. पण अंगातलं पाणी खरंच कमी झालेलं पोर तेच गटागटा पितं, आणि तब्येत सुधारायला लागली की तोंड फिरवतं. हे मी काउंटरपलीकडे कितीदा तरी बघितलं आहे. घरी मीठ-साखर-पाणी करणाऱ्यांना पूर्वी सांगत, कालवलेलं पाणी डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. प्रमाण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

आता कॅफीनकडे येऊ. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की आपल्याला थकल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं. कॅफीन त्याच जागा आधी जाऊन अडवतं. ॲडेनोसिन साचलेलंच राहतं, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. म्हणून एनर्जी ड्रिंक पिऊन माणसाला तरतरी येते, पण थकवा आहे तिथेच असतो. कॅफीन उतरलं की तो एकदम अंगावर येतो.

पिल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात कॅफीनचा जोर चढतो. उतरायला मात्र वेळ लागतो. प्रौढ माणसाच्या रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास जातात, कुणाला कमी तर कुणाला जास्त. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एनर्जी ड्रिंकमध्ये, म्हणजे कागदोपत्री ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’मध्ये, लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं. २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. संध्याकाळी सात वाजता अशी एक बाटली पोटात गेली, तर रात्री बारा वाजता त्यातलं निम्मं अजून अंगात फिरत असतं.

हा हिशोब मी भरतीच्या पोरांसमोर कागदावर मांडून दाखवतो. आमच्या तालुक्याच्या गावात दोन अकॅडम्या आहेत. पोरं पहाटे साडेचारला उठतात, सोळाशे मीटर मारतात, गोळाफेकीची प्रॅक्टिस करतात, दुपारी लेखीचा क्लास, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. संध्याकाळी पाय जड पडतात म्हणून एक बाटली. त्याने झोप लागते साडेबाराला. पहाटे उठवत नाही म्हणून दुसरी बाटली. महिनाभरात बाटलीशिवाय डोकं दुखायला लागतं, आणि पोरगा माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येतो. ती डोकेदुखी कॅफीन न मिळाल्याची असते. अशा पोराला गोळी विकून मोकळं होणं मला जमत नाही. त्याला बाकावर बसवून कालपासून काय काय प्यायलास, किती वाजता झोपलास, ते विचारतो.

कॅफीनने खेळाडूचा जोर वाढतो हे खोटं नाही. जागतिक उत्तेजकद्रव्य विरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते २००४ पर्यंत होतं. नंतर काढलं, तरी त्याच्या वापरावर संस्थेची अजून नजर असते. पण ज्यांना त्याचा फायदा होतो ते झोपलेले, जेवलेले, तयारीचे खेळाडू असतात आणि डोस वजनावर मोजून घेतात. सोळाशे मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी एनर्जी ड्रिंक लागत नाही आणि ओआरएसही लागत नाही. रात्रीची झोप, दोन तास आधी केळं किंवा भाकरीचा तुकडा, आणि पाणी. तास-दीड तास उन्हात घाम गाळला तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ताक किंवा कोकम सरबत पुरतं. स्पोर्ट्स ड्रिंक नावाचा तिसरा प्रकारही याच कामाचा. १९६५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी गॅटोरेड बनवलं गेलं ते घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला. जागरणाशी त्याचा संबंध नव्हता.

निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. गरोदर बाईसाठी दिवसाला २००. मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम. म्हणजे २५ किलोच्या, दुसरी-तिसरीतल्या पोराची दिवसभराची मर्यादा एका बाटलीत संपते. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं: मुलांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि कॅफीन न सोसणाऱ्यांनी घेऊ नये, दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको. पण हे इंग्रजीत, बाटलीच्या मागे, राखाडी शाईत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याचं सांगितलं होतं. आमच्या गावात शाळेसमोरच्या टपरीवर ती बाटली आजही बर्फात उभी असते, आणि मधल्या सुट्टीत पोरं वर्गणी काढून ती घेतात. लिथुआनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना ही पेयं विकण्यावर कायद्याने बंदी आणली. आपल्याकडेही तसंच व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

औषधं चालू असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलाबावर किंवा लघवीच्या जळजळीवर डॉक्टर कधी कधी सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतात. ते चालू असताना कॅफीन शरीराबाहेर पडायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे नेहमीची एक बाटलीही जड जाते. दम्याचं थिओफायलिन तर कॅफीनचंच भावंड. दोन्ही एकत्र आली की छातीत धडधड, हातांना कंप. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत किंवा बीपी वाढलेलं आहे त्यांनी या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. आणि दारूत मिसळून तर कुणीच नको. नशा चढलेली असते, पण कळत नाही. माणूस आणखी पितो आणि त्याच भरवशावर गाडीची चावी हातात घेतो.

आता ओआरएसच्या नावाने झालेल्या गोंधळाबद्दल. बरीच वर्षं बाजारात टेट्रा पॅकमधली गोड पेयं नावातच ओआरएस लावून विकली जात होती. सूत्र पाळलेलं नसायचं, साखर कितीतरी जास्त असायची, आणि ती मेडिकलच्याच फ्रिजमध्ये असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कितीतरी वर्षं चिकाटीने लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, आदेश काढून अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायची परवानगी मागे घेतली. बातमी वाचली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असूनही मी दोन मिनिटं काम थांबवलं. ती पॅकेटं मीही विकली होती. तेव्हा आता पुडी घेताना मागे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा, नाहीतर दुकानदाराला सरळ विचारा.

ओआरएस चांगलं म्हणून रोजचं सरबत समजून पिणंही बरोबर नाही. एक लिटरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम सोडियम जातं, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात २ ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीच्या किंवा किडनीच्या पेशंटने उन्हाळा आहे म्हणून रोज पुडी फोडू नये.

आणि पुडी कालवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मोठी पुडी पूर्ण एक लिटरची असते, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी एका ग्लासात कालवली तर ते पाणी पाचपट खारट होतं आणि लहान लेकराला घातक ठरू शकतं. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या हेही नको, अंदाज चुकतो. वरून साखर घालायची नाही, दुधात किंवा ज्यूसमध्ये कालवायची नाही, कालवल्यावर उकळायची नाही. केलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. लेकराला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचं. लघवी झाली नाही, पोर मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट बघत बसायचं नाही.

घरात लिटरचं माप नसतं, म्हणून मी पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली काउंटरखाली ठेवतो आणि पुडीबरोबर देतो. त्या बाईलाही दिली होती. चार दिवसांनी ती बाटली परत करायला आली, तेव्हा पोरगा तिच्या पुढे पळत आला होता.