झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी नवे हार्डवेअर

ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचे उत्पादन थांबल्यानंतर त्याच्यासाठी तयार झालेली जोडउपकरणे, बदली भाग आणि नव्याने आखलेले संपूर्ण बोर्ड यांचा या नोंदीत विचार केला आहे. उत्पादन नेमके कधी थांबले याबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक संकलक १९९२ हे वर्ष देतात. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडने पन्नास लाख पौंडांना विकत घेतला, त्यामुळे नंतरची +२ए आणि +३ ही मॉडेले अ‍ॅमस्ट्रॅडच्या आखणीची आहेत. हा भेद पुढे हार्डवेअरच्या सुसंगतीत वारंवार आडवा येतो.

आरंभाविषयीचे मतभेद : नव्या हार्डवेअरची सुरुवात कोठून धरायची यावर दोन मते आहेत. एका मतानुसार १९८० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघात निघालेल्या प्रतिकृतींपासून ती धरावी. लेनिनग्राड, पेंटागॉन, स्कॉर्पिअन या यंत्रांमध्ये फेरांटी कंपनीची यूएलए (चित्र, कळफलक व घड्याळ सांभाळणारी खास चिप) मिळत नसल्याने तिचे काम सुट्या लॉजिक चिपांवर उतरवले गेले. काहींत स्मृती वाढवली, फ्लॉपीसाठीचा बीटा डिस्क इंटरफेस बोर्डातच घेतला. पेंटागॉनचा काळ काही जण १९८९, काही १९९१ देतात. पहिले आराखडे हातोहात फिरलेले असल्याने छापील पुराव्यावर फार विसंबता येत नाही. स्लोव्हाकियातील स्कालिका येथील डिडाक्टिक यंत्रेही याच परंपरेत मोडतात. दुसऱ्या मतानुसार या प्रतिकृती त्या काळच्या चालू बाजारासाठी होत्या, जुन्या यंत्राचे पुनरुज्जीवन हा त्यांचा हेतू नव्हता. म्हणून खरा आरंभ २००२ साली चेक अभियंता पावेल सिंबल यांनी आखलेल्या डिव्हआयडीई या हार्डडिस्क इंटरफेसपासून मानावा. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण मूळ यंत्राला हात न लावता बाहेरून जोडायचे आणि आराखडा सर्वांना खुला ठेवायचा ही आजची रीत तेथूनच रूढ झाली. १९९९ साली अ‍ॅमस्ट्रॅडने यंत्राची अंगभूत आज्ञावली असलेल्या मूळ रॉमच्या वितरणाला सशर्त मुभा दिली, हीही याची एक पूर्वअट होती.

एज कनेक्टर : उपकरणे जोडण्यासाठी स्पेक्ट्रमच्या पाठीमागे बोर्डाची कडाच बाहेर आलेली असते. तिच्यावर २.५४ मिमी अंतराने दोन्ही बाजूंना २८ जागा असून पाचव्या जागी खाच आहे, म्हणजे प्रत्यक्षात ५४ पट्ट्या. त्यांवर झेड८०ए प्रोसेसरच्या १६ पत्तारेषा, ८ डेटारेषा आणि जवळजवळ सर्व नियंत्रणरेषा कोणत्याही बफरशिवाय थेट येतात. नवे हार्डवेअर आखणे सोपे होते ते यामुळे. चुकीची किंमत थेट प्रोसेसर आणि यूएलए मोजतात तीही यामुळेच.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे यंत्र चालू असताना उपकरण लावणे किंवा काढणे. ४८के यंत्रातील खालची १६ किलोबाइट स्मृती आठ ४११६ चिपांची असते आणि तिला +५, +१२ व −५ व्होल्ट असे तीन दाब लागतात. +१२ आणि −५ हे टीआर४ व टीआर५ या ट्रान्झिस्टरांच्या छोट्या परिपथातून तयार होतात. कनेक्टर तिरका सरकला की शेजारच्या पट्ट्या क्षणभर एकमेकींना टेकतात, टीआर४ जळतो, −५ व्होल्ट नाहीसा होतो आणि त्याविना ४११६ चिपा फार वेळ तग धरत नाहीत. म्हणून खाचेत बसणारी प्लास्टिकची चावी नसलेला कनेक्टर वापरूच नये. पट्ट्यांवरील काळपटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा; पॉलिश पेपरने घासल्यास वरचा मुलामा जातो आणि संपर्क पूर्वीहून वाईट होतो. उपकरण लावण्याआधी त्याच्या +५ व ० व्होल्ट रेषांमध्ये शॉर्ट नाही हे मीटरने पाहावे. नुसते यंत्र चालू करून +५, +१२, −५ हे तिन्ही दाब मोजावेत, यंत्र बंद करावे आणि मगच जोडणी करावी.

पत्त्यांचे डीकोडिंग : सिंक्लेअरने खर्च वाचवण्यासाठी पोर्टचा (प्रोसेसर उपकरणाशी ज्यातून बोलतो त्या दाराचा) पूर्ण पत्ता न तपासता एकेका रेषेवर काम भागवले. ए० रेषा शून्य असलेल्या प्रत्येक पोर्टला यूएलए उत्तर देते, त्यामुळे बाहेरच्या उपकरणांनी विषम पोर्टच घ्यावेत हा पहिला नियम. जुन्या केम्पस्टन जॉयस्टिक इंटरफेसने तर फक्त ए५ शून्य आहे का एवढेच पाहिले. याचा परिणाम केम्पस्टन माउसबरोबर दिसतो. माउसच्या पोर्टांचा खालचा बाइट २२३ असून त्यातही ए५ शून्यच असते. दोन्ही उपकरणे एकदम डेटाबसवर बोलतात आणि बाण पडद्यावर वेडावाकडा धावतो. उपाय असा, की जॉयस्टिकच्या पोर्ट ३१ साठी ए५, ए६, ए७ या तिन्ही रेषा शून्य असल्याची खात्री करावी.

असा सुधारित जॉयस्टिक इंटरफेस दोन चिपांत होतो. आयओआरक्यू (पोर्टशी व्यवहाराची खूण), आरडी (वाचनाची खूण), ए५, ए६ आणि ए७ या पाच रेषा ७४एचसीटी३२ मधील चारही ऑर गेटांतून एकत्र केल्या की पाचही शून्य असतानाच निर्गम शून्य होतो. तो ७४एचसीटी२४० या उलट्या बफरच्या दोन्ही सक्षमकारी पिनांना द्यावा. डीबी-९ प्लगच्या पिना १ ते ४ (वर, खाली, डावे, उजवे) आणि ६ (फायर) बफरच्या आदानांना जोडून प्रत्येकीला १० किलोओहमने +५ व्होल्टकडे ओढावे. पिन ८ ही ० व्होल्ट. उरलेली तीन आदाने थेट +५ ला बांधावीत, म्हणजे वरचे तीन बिट शून्य वाचले जातील. डेटारेषांचा क्रम उजवे १, डावे २, खाली ४, वर ८, फायर १६ असा ठेवावा आणि प्रत्येक चिपच्या वीजपिनांलगत १०० नॅनोफॅरडचा धारित्र लावावा. बेसिकमध्ये ‘प्रिंट इन ३१’ दिल्यावर जॉयस्टिक मोकळी असताना ० यावे. २५५ आल्यास बफर उघडतच नाही असे समजावे. येथे आरडी रेषा वापरल्याने एम१ (सूचना उचलत असल्याची खूण) तपासावी लागत नाही. आरडी-डब्ल्यूआर सोडून नुसत्या आयओआरक्यूवर विसंबणाऱ्या आराखड्यात मात्र ती लागतेच, कारण इंटरप्ट स्वीकारताना झेड८० एम१ आणि आयओआरक्यू दोन्ही एकदम खाली आणतो आणि उपकरण नको तेव्हा जागे होते.

रॉम बदलणे : कनेक्टरवरील रॉमसीएस ही रॉम निवडणारी रेषा +५ व्होल्टकडे ओढली की आतला रॉम गप्प होतो. यूएलए आणि रॉम यांच्यामध्ये ६८० ओहमचा रोध असल्याने बाहेरून ओढणाऱ्याची सरशी होते. सिलिकॉन डायोडमधून ओढल्यास रेषेवर सुमारे ४.३ व्होल्ट राहतात आणि सुमारे ६ मिलिअँपिअर द्यावे लागतात. डायोड वगळू नये. तो नसल्यास दोन उपकरणे एकामागे एक लावल्यावर एकाचे शून्य दुसऱ्याच्या एकाशी झगडते. +२ए आणि +३ मध्ये ही व्यवस्था वेगळी आहे : तेथे दोन रॉमसाठी दोन रेषा असून त्या दुसऱ्या जागी आहेत आणि यूएलएला पोर्टच्या व्यवहारातून बाजूला ठेवणारी आयओआरक्यूजीई रेषा काढलेली आहे. जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षे चालणारे उपकरण +३ वर मुके राहते ते बहुतेक वेळा यामुळे.

डिव्हआयडीई आणि त्यावरून मारिओ प्राटो यांनी एसडी कार्डासाठी आखलेला डिव्हएमएमसी यांत हेच तंत्र अधिक बारकाईने वापरले आहे. प्रोसेसर ०, ८, ५६, १०२, १२२२ किंवा १३७८ या पत्त्यांवरून सूचना उचलतो तेव्हा ती पहिली सूचना मूळ रॉममधूनच दिली जाते आणि त्यानंतर पहिल्या ८ किलोबाइटांत उपकरणाचा रॉम, पुढच्या ८ किलोबाइटांत त्याची रॅम येते. शेवटचे दोन पत्ते कॅसेटवर लिहिण्या-वाचण्याच्या आज्ञाक्रमांतले असल्यामुळे कॅसेटसाठीची आज्ञा कार्डाकडे वळवता येते. १५६१६ ते १५८७१ या पट्ट्यात मात्र बदल तत्क्षणी होतो, आणि ८१८४ ते ८१९१ मध्ये सूचना उचलली की मूळ रॉम परत येतो. हे सर्व केवळ एम१ खाली असतानाच घडले पाहिजे. साध्या स्मृतिवाचनालाही परिपथ प्रतिसाद देऊ लागला, तर बेसिकमधून पत्ता ८ ‘पीक’ आज्ञेने वाचताच चालू रॉम पायाखालून निघून जातो आणि यंत्र अडकते.

कालमापन : ४८के यंत्रात प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि चित्राची एक चौकट ६९,८८८ टी-स्टेटची, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांची (३१२ ओळी, प्रत्येकी २२४) असते. १६३८४ ते ३२७६७ ही स्मृती यूएलए आणि प्रोसेसर वाटून घेतात. चित्र काढले जात असताना प्रोसेसरने तेथे हात घातल्यास यूएलए त्याचे घड्याळ थांबवते. विलंब आठ टी-स्टेटच्या चक्रात ६, ५, ४, ३, २, १, ०, ० असा असतो. चक्राचा प्रारंभ १४३३५ व्या टी-स्टेटला की १४३३६ व्या, हा बरीच वर्षे वादाचा विषय होता. दोन्ही मोजमापे प्रामाणिक होती : थंड यूएलए आणि तापलेली यूएलए यांत एका टी-स्टेटचा फरक पडतो, असे आता सामान्यतः मानले जाते. नवा बोर्ड आखणाऱ्याने दोहोंपैकी एक निवडून तसे नोंदवावे. यूएलएच्या आतील रचनेचे ख्रिस स्मिथ यांनी केलेले विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाल्यावर असे बोर्ड अंदाजाऐवजी रचनेवरून आखता येऊ लागले. सुट्या चिपांवरचा हार्लेक्विन हा स्पेक्ट्रम-सुसंगत बोर्डही त्यांच्याच कामातून आला.

घड्याळ थांबण्याचा फटका ध्वनिकार्डांना बसतो. कनेक्टरवरील घड्याळाला २ ने भागून एवाय ध्वनिचिपला १.७५ मेगाहर्ट्‌झ देण्याचा मोह होतो, पण प्रोसेसर अडला की तेही अडते आणि स्वर थरथरतो. कार्डावर स्वतंत्र ऑसिलेटर लावणे हाच खात्रीचा इलाज. वेगाची चिंता मात्र फारशी नाही. सूचना वाचताना साधारण ४०० नॅनोसेकंद हाती असतात, ७० नॅनोसेकंदांची स्थिर रॅम त्यात आरामात बसते.

दाबांचा मेळ आणि चिपांची उपलब्धता : आजच्या बहुतेक चिपा ३.३ व्होल्टच्या आहेत. डिव्हएमएमसीच्या अनेक आवृत्त्यांत वापरलेली झायलिंक्सची एक्ससी९५७२एक्सएल ही ७२ मॅक्रोसेलची (हवे तसे जुळवता येणाऱ्या लॉजिक-घटकांची) चिप ५ व्होल्टचे आदान सहन करते आणि तिचे ३.३ व्होल्टचे निर्गम झेड८० ला पुरतात, म्हणून ती इतकी रुळली. रास्पबेरी पाय पिको स्वस्त आहे, तरी तिच्या पिना ५ व्होल्टसाठी नाहीत. मध्ये ७४एलव्हीसी२४५ सारखे बफर लागतात. शिवाय बोर्डावर २६ च पिना बाहेर आणलेल्या असताना पत्ते, डेटा आणि नियंत्रण मिळून सुमारे ३० रेषा होतात, त्यामुळे काही रेषा आळीपाळीने वाचाव्या लागतात. एसडी कार्डासाठी ३.३ व्होल्टचा वेगळा नियामक द्यावा. लेखनाच्या क्षणी कार्ड १०० मिलिअँपिअरहून अधिक ओढू शकते आणि यंत्रातला ७८०५ हा ५ व्होल्टचा नियामक आधीच बराच तापलेला असतो.

संपूर्ण नवी यंत्रे : २०१७ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिलेला आणि २०२० पासून ग्राहकांना मिळू लागलेला स्पेक्ट्रम नेक्स्ट हा स्पार्टन-६ एफपीजीएवर (आतला परिपथ हवा तसा ठरवता येणाऱ्या चिपवर) आधारलेला असून २८ मेगाहर्ट्‌झपर्यंत चालतो. त्याची पेटी मूळ स्पेक्ट्रमचे बाह्यरूप आखणारे रिक डिकिन्सन यांनीच आखली. यंत्र ग्राहकांच्या हाती जाण्याआधी, २०१८ मध्ये, त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये रेट्रो गेम्स कंपनीने काढलेल्या यंत्रात रबरी कळफलक आहे, पण एज कनेक्टर नाही, त्यामुळे या नोंदीतील एकही उपकरण त्याला लागत नाही.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेक्ट्रम+ परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने काढला होता. अशा यंत्राला नवे उपकरण जोडण्याआधी वीजपुरवठा तपासावा : मूळ पुरवठा ९ व्होल्टचा असून प्लगची मधली पिन ऋण असते. आज दुकानात मिळणारे बहुतेक अडॉप्टर याच्या उलट असतात.

२०२४ मध्ये झायलॉगने झेड८० कुटुंबातील झेड८४सी०० चिपांच्या अखेरच्या मागण्या जूनपर्यंत स्वीकारून उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एक्ससी९५०० मालिकेचीही अखेर जाहीर झाली. नवे आराखडे त्यामुळे मायक्रोचिपच्या एटीएफ१५०४ आणि एटीएफ१५०८ या ५ व्होल्टच्या चिपांकडे वळत आहेत. तेथे ३.३ आणि ५ व्होल्टच्या मेळाचा प्रश्न सुटतो. मात्र एटीएफ१५०४ मध्ये ६४ च मॅक्रोसेल असल्याने ७२ मॅक्रोसेल जवळपास भरलेला आराखडा तिच्यात मावत नाही, आणि १२८ मॅक्रोसेलची मोठी, महाग एटीएफ१५०८ घ्यावी लागते.