झिंकची गोळी कोलेस्टेरॉल ‘साफ’ करते?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेलं की एक सल्ला हमखास कानावर पडतो: “झिंकची गोळी रोज घ्या, कोलेस्टेरॉल साफ होतंय, हार्टला बरं.” कोरोनात घरोघरी आलेली गोळी अनेकांची सुटलीच नाही, त्यामुळे सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही.

प्रत्यक्षात जास्त मात्रेत उलटंच होऊ शकतं. 1980 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 निरोगी पुरुषांना रोज 160 मिलिग्रॅम झिंक पाच आठवडे दिलं. त्यांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, सरासरी 40 वरून 30 वर घसरलं. वाईट कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही! माणसं थोडी आणि मात्रा भलतीच, हे खरं. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

मधुमेहींवरच्या काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं. पण त्यामुळे हार्ट अटॅक टळतात, असं सिद्ध झालेलं नाही.

दुसरी भानगड तांब्याची. झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढतं, ते अन्नातलं तांबं धरून ठेवतं आणि पेशी गळल्या की तेही शरीराबाहेर जातं. महिनोन्‌महिने असं चाललं तर रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात.

पाकिटावरचा आकडाही नीट वाचा. 220 मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये खरं झिंक साधारण 50 असतं, आणि मोठ्यांसाठी दिवसाची वरची मर्यादा 40. मटण, डाळी, तीळ खाणाऱ्याला गोळी बहुधा लागतच नाही. अर्थात झिंक मिळतं म्हणून पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या वाढवू नका, त्यातलं खोबरं कोलेस्टेरॉलच्याच बाजूचं आहे. आणि झिंकच्या भरवशावर कोलेस्टेरॉलची चालू गोळी तर मुळीच बंद करू नका.