काळोख बिघडला, तर दिवा वाढवू नका

रंकाळ्याच्या पाण्याचा थेंब, त्यात हिरवं शेवाळ आणि भोवती काळंभोर आकाश, असं दृश्य हवं होतं. दिसलं ते राखेसारखं करडं. डार्कफील्डचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकात नमुना काळ्या पार्श्वभूमीवर चमकता बघायचा, माझा पहिला प्रयत्न असा फसला. मग सगळे करतात तेच मी केलं, दिवा वाढवला. राख आणखी पांढरी झाली.

डार्कफील्डमधला काळोख दिव्याच्या जोरावर नाही, किरणांच्या कोनावर ठरतो. गुऱ्हाळघरात पत्र्याच्या भोकातून कवडसा येतो, तेव्हा काहिलीची वाफ त्यात लखलखते, कारण आपण कवडशाकडे बाजूनं बघत असतो. भोकालाच डोळा लावला तर नुसता झगमगाट. सूक्ष्मदर्शकात हीच युक्ती साधायला कंडेन्सरखाली, म्हणजे दिव्याचा प्रकाश नमुन्यावर गोळा करणाऱ्या भिंगाखाली, मधोमध काळी चकती ठेवतात. मधला प्रकाश अडतो. कडेचा पोकळ शंकूसारखा तिरका वर येतो आणि ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाला, चुकवून निघून जातो. नमुन्यावर आपटून वळलेला प्रकाश तेवढा भिंगात शिरतो. म्हणून तर जेमतेम 0.1 मायक्रोमीटर जाडीचे लेप्टोस्पायरा जिवाणू, जे साध्या उजेडात दिसतच नाहीत, इथं चमकत्या धाग्यांसारखे वळवळताना दिसतात.

बिघाड शोधायचा तर दिवा मंद करून आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, काढा आणि नळीत डोकवा. ऑब्जेक्टिव्हची मागची बाजू काळी दिसली पाहिजे. एका कडेला उजेडाची चंद्रकोर दिसली, तर चकती किंवा कंडेन्सर मधोमध नाही. कोल्हापूरच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण अंबाबाईपर्यंत पोचायला महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची वाट मोकळी लागते; इथंही सगळं एका रेषेत लागतं, फक्त सरळ किरण पोचू नये म्हणून! स्वस्त यंत्राच्या कंडेन्सरला मधोमध आणायचे स्क्रू नसतात. तिथं चकतीच सरकवायची.

चंद्रकोरीऐवजी पूर्ण कडं दिसलं, तर चकती लहान पडते आहे. माझी तशीच होती, अंदाजानं कापलेली. अंदाज करूच नये. चकती काढून नळीतून बघत डायफ्राम, म्हणजे कंडेन्सरचं लहानमोठं होणारं भोक, मिटत जा. त्याची कडा ऑब्जेक्टिव्हच्या कडेला टेकली, की तेवढं भोक मोजा आणि काळ्या कार्डाची चकती त्याहून जराशी मोठी कापून पारदर्शक शीटवर चिकटवा. नंतर डायफ्राम पूर्ण उघडायला विसरू नका. साध्या प्रकाशात तो मिटायची हाताला सवय असते आणि इथं तो नेमका कामाचा, कडेचा प्रकाशच खातो.

प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला चकती वेगळी. भिंग किती तिरके किरण घेऊ शकतं, त्याचं माप म्हणजे एनए. दहापट मोठं दाखवणाऱ्या 10एक्सचा एनए साधारण 0.25, त्याला सोपं जातं. 40एक्सचा 0.65, काचपट्टी आणि कंडेन्सर यांच्यात हवा असेल तर शंकूचा एनए 1 च्या पुढे जात नाही, म्हणून उरतं ते अरुंद कडं आणि मंद चित्र. दिवा वाढवायचा तो इथं. 100एक्सचा नाद मात्र घरी सोडावा. त्याला तेल लावायचा खास कंडेन्सर लागतो आणि ऑब्जेक्टिव्हमध्येही डायफ्राम असावा लागतो.

दृश्याच्या मधोमध काळा डाग आणि भोवती उजेड दिसला, तर कंडेन्सरची उंची चुकली आहे. बहुतेकदा तो खाली राहिलेला असतो. उजेडाचं कडं मिटून उजळ ठिपका होईपर्यंत कंडेन्सर हळूहळू वर घ्या.

नळी काळी आहे, तरी चित्र करडं? मग दोष मळाचा. बोटाचा ठसा, ओरखडा, पावसाळ्यात भिंगावर चढलेली बुरशी, सगळंच इथं ताऱ्यासारखं चमकतं. आपल्याकडच्या पावसात सूक्ष्मदर्शक सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवलेला बरा.

चकती बदलूनही माझा थेंब थोडा धुरकट राहिलाच. तो दोष पाण्यातल्या गाळाचा होता. पाणी तासभर वाटीत निवळू दिलं, वरचा थेंब घेतला आणि त्यावर कव्हर स्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, हलकेच टेकवली. गाळ तळाशी राहिला होता. पळणारे जीव वरच होते, काळ्यावर चांदीसारखे.